वर्णनाचे उत्तरदायित्व : रामटेकची टेकडी आणि गॅझेटियरची संहिता

१

'गॅझेटियर' या शब्दासाठी मराठीत 'दर्शनिका' हा प्रतिशब्द शासनव्यवहारात रूढ झालेला आहे. प्रतिशब्द घडविताना मूळ शब्दात नसलेले काहीतरी भाषेत येऊन बसते, याचे हे एक बोलके उदाहरण म्हणता येईल. मूळ इंग्रजी शब्दाचा पाहण्याशी काहीही संबंध नाही. गॅझेट म्हणजे वृत्तपत्र. लॉरेन्स एकार्ड याने १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ वृत्तपत्रे वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी होता. युद्धाच्या वा तहाच्या वार्तेत अनोळखी शहराचे नाव आले, तर ते कोठे आहे आणि केवढे आहे हे वाचकाला घरबसल्या कळावे एवढाच त्याचा हेतू. या वाङ्मयप्रकाराचा पहिला वाचक असा, की ज्याने ते स्थळ पाहिलेले नाही आणि पाहण्याची त्याला गरजही नाही. उलट 'दर्शन' या शब्दाला आपल्या भाषेत पाहणे हा एकच अर्थ नाही. भक्त देवाला पाहतो तेव्हा देवही भक्ताला पाहतो, हे दर्शनात गृहीत आहे. दर्शन दुतर्फी असते.

प्रस्तुत लेखातील प्रश्न या दोन शब्दांमधील अंतरातून उभा राहतो. एखाद्या स्थळाचे आणि तेथील माणसांचे वर्णन करणारा त्या माणसांचे काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते वर्णनाच्या अचूकपणाने फिटते, की आणखी काही त्याच्याकडून अपेक्षित आहे? साहित्यविचारात वर्णनाची चर्चा बहुधा शैलीच्या अंगाने झालेली आहे. अलीकडच्या काळात ती सत्तेच्या अंगानेही होऊ लागली. या दोन्ही चर्चांत नैतिक प्रश्न बाजूला राहतो, असे वाटते. पहिल्या चर्चेत तो अप्रस्तुत ठरतो, आणि दुसऱ्या चर्चेत त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. म्हणून येथे एकच टेकडी समोर ठेवून तो पुन्हा विचारून पाहावयाचा आहे. ती टेकडी नागपूर जिल्ह्यातील रामटेकची.

२

प्रथम या वाङ्मयप्रकाराचे मूळ घर पाहणे इष्ट होईल. इंग्लंडातील पॅरिश हे चर्चचे कार्यक्षेत्र होतेच, पण ते प्रशासनाचेही सर्वांत लहान एकक होते. १५३८ पासून तेथे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश होता. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारीही पॅरिशवर आली. पॅरिशचे वर्णन म्हणजे एका अर्थी परस्परांचे देणे लागणाऱ्या माणसांच्या समूहाचे वर्णन होते. जॉन सिंक्लेअर याने १७९१ ते १७९९ या काळात स्कॉटलंडचा जो सांख्यिकीय वृत्तांत सिद्ध केला, त्यासाठी त्याने नऊशेहून अधिक पॅरिशांच्या धर्मोपदेशकांकडे प्रश्नावली पाठविली आणि त्यांची उत्तरे छापली. येथे वर्णन करणारा माणूस त्याच गावात राहणारा होता. त्याने काही चुकीचे लिहिले तर पुढच्या रविवारी त्याला त्याच माणसांसमोर उभे राहावे लागणार होते. सॅम्युएल लुईस याच्या १८३१ च्या इंग्लंडविषयक स्थलकोशात गाव, बाजाराचा दिवस, लोकसंख्या, चर्च, धर्मादाय निधी अशी ठरीव क्रमाची नोंद आढळते. तेथेही ज्यांच्या गावाचे वर्णन झाले त्यांतील निदान काही जण त्या ग्रंथाचे वाचक होते.

यावरून इंग्लंडात वर्णन निर्दोष होते असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. तेथील अशा नोंदींत सामायिक कुरणांना कुंपण घातल्याची घटना येते, ती बहुधा कायद्याच्या वर्षापुरती. नॉर्दॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन या पॅरिशसाठी असा कायदा १८०९ मध्ये झाला. कोशाच्या दृष्टीने ती एक ओळ आहे. त्याच गावातील शेतमजुराचा मुलगा जॉन क्लेअर याच्या कवितेत मात्र ती ओळ आयुष्यभराची जखम होऊन राहिली. ज्या वाटांवरून तो चालला त्या बंद झाल्या, आणि वर्णनात त्या वाटांना कधी नावच नव्हते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, वर्णनातील मौन हा केवळ वसाहतवादाचा गुण नाही. सत्ता आणि मालकी जेथे असते तेथे ते असते. दुसरी, हेल्पस्टनच्या वर्णनाला त्याच भाषेत उत्तर देणारा एक माणूस त्या गावात होता. त्याची कविता १८२० मध्ये ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली. वर्णन एका बाजूने झाले, तरी उत्तराची वाट पूर्ण बुजलेली नव्हती.

३

हाच वाङ्मयप्रकार रामटेकला पोचला तेव्हा काय झाले? १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली, आणि चार्ल्स ग्रँट याने संपादिलेले मध्यप्रांताचे गॅझेटियर १८७० मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झाले. पुढे हंटरच्या साम्राज्यव्यापी गॅझेटियरच्या आवृत्त्या निघाल्या आणि १९०८ मध्ये आर. व्ही. रसेल याच्या संपादनाखाली नागपूर जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर आले. या परंपरेतील रामटेकची नोंद साच्याने बांधलेली आहे : नागपूरपासूनचे अंतर, लोकसंख्या, टेकडी आणि तीवरील मंदिरे, अंबाळा तलाव, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराची यात्रा आणि पानमळे. रामटेकच्या पानाची ख्याती तेव्हाही होती.

या साच्यात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. एक म्हणजे अनुक्रम. १८७० च्या ग्रंथात स्थळे रोमन वर्णमालेच्या क्रमाने येतात. त्यामुळे ज्या गावाची शीव रामटेकला लागून आहे ते मनसर ग्रंथात कित्येक पानांच्या अंतरावर पडते, आणि रामटेकशी कधीही संबंध न आलेले एखादे गाव केवळ आद्याक्षराच्या जोरावर त्याचे शेजारी होते. हा क्रम शोधणाऱ्याच्या सोयीचा आहे, राहणाऱ्याच्या किंवा चालत जाणाऱ्याच्या नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे विधान आणि कृती यांची सरमिसळ. भाषेतील काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती वस्तुस्थिती घडवितात, हे जे. एल. ऑस्टिन याचे प्रतिपादन आपल्या परिचयाचे आहे. त्याचे ठळक उदाहरण नागपूरच्या जमाबंदीत सापडते. भोसल्यांच्या राज्यात मालगुजार हा मुख्यतः महसूल वसूल करून भरणारा होता. १८६० च्या दशकातील जमाबंदीत त्याला गावाचा मालक म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर लिहिल्या गेलेल्या वर्णनांत 'या गावाचा मालक अमुक' हे वाक्य साध्या वस्तुस्थितीसारखे वाचले जाते. पण ती वस्तुस्थिती लेखणीनेच निर्माण केलेली होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, म्हणजे ते वाक्य पुन्हा एका कायद्यानेच खोटे ठरविले. दरम्यान सुमारे नव्वद वर्षे कुळे आणि शेतमजूर त्या वाक्याच्या छायेत जगली. ज्यांच्यावर त्याचा परिणाम झाला त्यांपैकी फारच थोड्यांना ते वाचता येत होते, कारण ते त्यांच्या भाषेत नव्हतेच.

येथवरचा विचार एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील 'ओरिएंटॅलिझम'नंतर रूढ झालेल्या मार्गाने जाणारा आहे. त्या मार्गाने आणखी पुढे गेल्यास उत्तर सोपे आहे : परक्याने केलेले वर्णन हे ताब्यात घेणे असते, आणि त्यावर उपाय म्हणजे आपल्या माणसाने केलेले वर्णन. देशीवादी विचारातही या उत्तराचे आकर्षण आहे. पण रामटेकची टेकडी हे उत्तर सहजासहजी स्वीकारू देत नाही.

४

रामटेकची 'आपल्या' माणसांनी केलेली वर्णने गॅझेटियरपेक्षा कित्येक शतके जुनी आहेत. लक्ष्मणमंदिरात यादवराजा रामचंद्र याच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा, एक संस्कृत शिलालेख आहे. तो आता पुष्कळ झिजलेला असला तरी त्यात टेकडीची सिंदूरगिरी आणि तपोगिरी ही नावे, तिच्या परिसरातील तीर्थे आणि देवता यांचे वर्णन आहे. त्यास स्थलमाहात्म्याची पद्यबद्ध नोंद म्हणता येईल. त्याचा वाचक दूर बसलेला नाही, तो टेकडी चढून आलेला यात्रेकरू आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' हा मराठीतील असाच एक विलक्षण ग्रंथ होय. चौदाव्या शतकातील मानला जाणारा आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेला हा ग्रंथ चक्रधरस्वामींच्या संचारातील एकेका गावाची आणि स्थानाची नोंद देतो : देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दरवाजा कोठे आहे, स्वामींचे आसन कोठे झाले, वस्ती कोठे झाली. तपशिलाच्या काटेकोरपणात तो कोणत्याही गॅझेटियरला हार जाणार नाही. पण त्याचा क्रम चालणाऱ्या पावलांचा आहे आणि प्रयोजन नमस्काराचे आहे. ज्ञान आणि आदर यांची फारकत तेथे झालेली नाही. महानुभावांच्या परंपरेत हरिपाळदेव घराबाहेर पडतात तेही रामयात्रेचे, म्हणजे रामटेकला जाण्याचे निमित्त सांगून. या वाटेवर ऋद्धिपुरास त्यांना श्रीप्रभूंची भेट होते.

तर मग परक्याचे कोरडे गॅझेटियर एकीकडे आणि आपली श्रद्धायुक्त वर्णने दुसरीकडे अशी मांडणी करून मोकळे व्हावे काय? टेकडीवरच धूम्रेश्वर नावाचे शिवलिंग आहे. स्थानिक परंपरा त्याचा संबंध शंबूकाशी जोडते. तपश्चर्या केली या अपराधासाठी रामाने ज्याचा वध केला तो शूद्र तपस्वी हा. यादवकालीन शिलालेखातही तो येतो. त्याचा आशय असा, की या पर्वतावर शूद्र मुनी रामाच्या शस्त्राने मारला जाऊन परमपदाला गेला. म्हणजे वध झाला हे माहात्म्य लपवीत नाही. ते वधाचे वरदान करते. आपल्या माणसाने, आदराने, जागेवर उभे राहून केलेल्या या वर्णनात मारल्या गेलेल्याला काय वाटले हे विचारण्याची सोयच उरत नाही, कारण त्याला सर्वोच्च फळ आधीच देऊन टाकलेले आहे. ज्याला मोक्ष मिळाला त्याची तक्रार कोण ऐकणार?

गॅझेटियर-परंपरेत अशा कथा येतात त्या 'असे सांगतात' या क्रियापदाच्या आश्रयाने. त्या वाक्यरचनेने लेखक स्वतःला कथेपासून अलग ठेवतो. कथा खरी की खोटी, न्याय्य की अन्याय्य, याविषयी तो काही बोलत नाही. पण कोण सांगते हेही तो सांगत नाही. टेकडीवरचा पुजारी सांगतो, पानमळ्यातला बरई सांगतो, की ज्याला मंदिराच्या पायरीपाशीच थांबावे लागत होते तो सांगतो? 'सांगतात' या अनेकवचनात हे सगळे विरघळून जातात. कथेतला मृत्यू येथे वरदान होत नाही, तो कुतूहल होतो.

तिसरे वर्णन संशोधकाचे. एच. एच. विल्सन याने १८१३ मध्ये 'मेघदूता'चा अनुवाद प्रसिद्ध करताना यक्षाचा रामगिरी म्हणजे रामटेक असे सुचविले होते. मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला होता, आणि सरगुजातील रामगढचा पक्षही मांडला गेला. म. म. वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष मोठ्या परिश्रमाने आणि साक्षेपाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धिपूर ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, ही त्यांच्या युक्तिवादातील मोठी बळकट कडी होय. शिलालेखातील शूद्र मुनीचा उल्लेखही या चर्चेत येतो, पण तो स्थलनिश्चितीचे एक साधन म्हणून. विद्वत्तेच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही. पुरावा पुराव्यासारखाच वापरला पाहिजे. तरीही असे म्हणावेसे वाटते, की माहात्म्यात जो मोक्ष झाला आणि गॅझेटियरमध्ये जे कुतूहल झाले, त्याचा येथे दुवा झाला. आपण, साहित्याचे अभ्यासक, या टेकडीवर जातो ते कालिदासाच्या स्मारकापाशी. १९९७ मध्ये रामटेकला स्थापन झालेले संस्कृत विद्यापीठही कालिदासाचेच नाव धारण करते, आणि ते उचितच आहे. यक्षाच्या एका वर्षाच्या विरहाविषयी आपण दोन शतके लिहीत आलो. त्याच टेकडीवर कथेने ज्याला मारले, त्याच्याविषयी मराठी समीक्षेने या स्थळाच्या संदर्भात कितीसे लिहिले?

५

मराठी भाषेत एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. 'आमचा गाव' आणि 'आपला गाव' यांत आपण भेद करतो. 'आमचा' म्हणताना ऐकणारा बाहेर असतो, 'आपला' म्हणताना तो आत घेतलेला असतो. मेरी रसेल मिटफर्ड हिच्या गावचित्रांच्या ग्रंथाचे शीर्षक मराठीत आणावयाचे झाले तर यांपैकी कोणते सर्वनाम घ्यावे हे मूळ शीर्षकावरून ठरविता येणार नाही. ना. गो. चापेकर यांचा १९३३ मधील 'बदलापूर' हा ग्रंथ 'आमचा गाव' या नावानेही ओळखला जातो. एका गावाचे इतके सांगोपांग, प्रेमळ आणि परिश्रमपूर्वक केलेले वर्णन मराठीत दुर्मिळ आहे. पॅरिशच्या वृत्तांताची जी उत्तम परंपरा इंग्लंडात होती तिचे हे मराठी रूप मानावे. त्र्यं. ना. आत्रे यांचा १९१५ मधील 'गावगाडा' याच वाटेवरचा, पण महसूल खात्यात वावरलेल्या माणसाच्या नजरेतून आलेला. हे ग्रंथ परक्याचे नाहीत. तरी त्यांतल्या 'आम्ही'त कोण आहे आणि कोण नाही, हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती वर्णनात असते, पण ती वर्णनाचा विषय म्हणून. वर्णन तिला उद्देशून नसते.

या भेदातून एक कसोटी हाती लागते. वर्णनाच्या नैतिकतेची परीक्षा करणारा परका की आपला यावरून, किंवा वर्णन खरे की खोटे एवढ्यावरून होत नाही. ज्याचे वर्णन झाले त्याला त्या वर्णनाचा वाचक होता येते काय, आणि वाचून उत्तर देता येते काय, हे पाहावे लागते. सिंक्लेअरचा धर्मोपदेशक या कसोटीवर काही अंशी उतरतो. १८७० चे गॅझेटियर उतरत नाही. पण शंबूकाला मोक्ष देणारे माहात्म्यही उतरत नाही, आणि आपला संशोधनव्यवहारही पुष्कळदा उतरत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. उत्तर देता येणे हा संहितेचा गुण कसा? तो इतिहासाचा योगायोग आहे. शिक्षण पसरले, सत्ता बदलली, की कोणत्याही वर्णनाला उत्तर देता येते. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या लेखनातच आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी शंबूकवधाचा अर्थ स्पष्ट सांगितला : चातुर्वर्ण्य दंडसत्तेशिवाय टिकू शकत नाही, आणि रामाचे ते कृत्य म्हणजे ती दंडसत्ता. १९४८ च्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयक ग्रंथात त्यांनी १९११ च्या जनगणनेसाठी आयुक्ताने घालून दिलेल्या निकषांचा आधार घेतला. कोणत्या जातींना मंदिरात प्रवेश नाही, कोणाच्या हातचे पाणी चालत नाही, असे ते प्रश्न होते. ज्यांची गणना झाली त्यांतीलच एका माणसाने ती गणना वाचली आणि गणना करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेल्या कामासाठी वापरली. साम्राज्याच्या सोयीसाठी झालेले वर्णन वर्णिताच्या हाती साक्ष झाले.

पण हे घडू शकले ते कशामुळे? त्या नोंदीत निकष सांगितलेले होते, वर्ष होते, कोणी आणि का विचारले हे होते. म्हणून तिच्याशी वाद घालता आला. जे वर्णन आपला उगम उघड ठेवते त्याला उत्तर देता येते. जे 'सांगतात' असे म्हणून थांबते, किंवा 'परमपदाला गेला' असे म्हणून मिटते, त्याला उत्तर देणे कठीण होते. म्हणजे उत्तराची शक्यता पूर्णतः इतिहासाच्या हवाली नाही, तिचा काही भाग लिहिणाऱ्याच्या हातात असतो. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे, की माहात्म्याने शंबूकाची आठवण ठेवली नसती तर आज या टेकडीवर प्रश्न विचारायला जागाच राहिली नसती. मोक्ष देणाऱ्या ओळीनेच खुनाची साक्ष जपली. वाईट वर्णनही मौनापेक्षा बरे असते, ही गोष्ट कडू असली तरी खरी आहे.

६

हा प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांचा उरलेला नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी असल्याचे प्रमाणपत्र देण्याच्या कार्यपद्धतीविषयी निर्णय काढला. त्या निर्णयाचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. पण शतकापूर्वी कोणा अधिकाऱ्याने केलेले वर्णन आज कोणाच्या तरी शिक्षणाचा आणि नोकरीचा आधार होऊ पाहते, आणि इतर कोणाला त्याची धास्ती वाटते, यावरून वर्णन ही निरुपद्रवी गोष्ट नसते एवढे तरी कळावे. त्या नोंदी करणाऱ्यांनी आपल्या वाक्यावर नातवंडा-पतवंडांचे भवितव्य टांगले जाईल असे मानले नसेल. न मानणे हीच त्यांची नैतिक उणीव होती काय? भविष्य कोणालाच दिसत नाही, म्हणून तसा आरोप करणे अन्यायाचे होईल. मात्र आपण ज्यांच्याविषयी लिहितो ते कधीतरी हे वाचतील, एवढे धरून चालणे प्रत्येकाला शक्य असते.

तेव्हा वर्णन करणारा वर्णिताचे देणे लागतो, असेच म्हणावे लागेल. अचूकपणा हा त्या देण्याचा पहिला हप्ता आहे, शेवटचा नव्हे. कोण सांगते, कोणाला विचारले, कोणाला विचारले नाही, हे नोंदविणे हा दुसरा. आणि ज्याचे वर्णन केले त्याला उद्या वाचक म्हणून गृहीत धरणे, आपल्या वाक्यात त्याला उभे राहण्यापुरती जागा ठेवणे, हा तिसरा. पहिल्या दोहोंसाठी पद्धत शिकविता येते. तिसऱ्यासाठी पद्धत नाही. तेथे लेखकाची वृत्तीच कामी येते.

रामटेकवर पुन्हा कोणी दर्शनिका लिहील तेव्हा तीत रामाचे मंदिर असेल, कालिदास असेल, प्रभावतीगुप्ता असेल, अंबाळा तलाव आणि कपुरी पानही असेल. धूम्रेश्वरापाशी पोचल्यावर 'असे सांगतात' या शब्दांवर तिच्या लेखकाने क्षणभर थांबावे आणि कोण सांगते हे विचारावे. त्या टेकडीवर उत्तर देणारे लोक आज आहेत, आणि त्यांना वाचता येते.